पिशवी घेऊन किती चालायचं?

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी व सर्व सन्माननीय सदस्य,
वर्धा नगर परिषद, वर्धा

विषय : शहराच्या मध्यभागाजवळ मोठ्या सुपरमार्केटसाठी जागा ठरवण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

वर्धा शहर मुळात जागेच्या शोधातूनच जन्माला आलं. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा त्याचं मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. चारच वर्षांत ते तिथून हललं. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये नवं शहर मांडलं गेलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईकडून निघालेला लोहमार्ग नागपूरला जाऊन भिडला. कवठा आजही खेडंच आहे. पालकवाडीचं नाव पुसलं गेलं, पण तिथे जिल्ह्याचं ठिकाण उभं राहिलं. जागेची निवड गावाचं काय करते, हे वर्धेकराला निराळं समजावून सांगावं लागत नाही.

१८७४ पासून शहराचा कारभार पाहणाऱ्या आपल्या संस्थेपुढे त्याच जातीचे, आकाराने लहान प्रश्न अधूनमधून येत राहतात. मोठ्या सुपरमार्केटचा प्रश्न त्यातलाच. २०११ च्या जनगणनेत वर्ध्याची लोकसंख्या १,०६,४४४ होती. एवढ्या वस्तीच्या जिल्हा ठिकाणी हजार-दोन हजार चौरस मीटरचं, ढकलगाडी घेऊन फिरायचं दुकान येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. असा प्रस्ताव आला की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो येऊ द्या, दुसरा म्हणतो किराणावाले मरतील. या धुरळ्यात तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तो ज्याची जमीन आहे त्याच्यावर सोडून दिला जातो. तो म्हणजे : कुठे?

हे पत्र त्या एकाच प्रश्नापुरतं आहे.

आधी वर्धेकर बाजार कसा करतात ते पाहावं. पगाराच्या आठवड्यात किराणा दुकानाच्या फळीपुढे उभं राहिलं की सगळा हिशेब डोळ्यांपुढे उलगडतो. यादी आता चिठ्ठीवर कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त येते, पण ती यादीच असते : तूरडाळ पाच किलो, पोहे दोन, गूळ एक, तेलाचा डबा. स्टुलावर चढलेला पोरगा वरच्या फळीवरून साबणाचा खोका खाली फेकतो, मालक तो न बघताच झेलतो आणि तोंडाने पुढची रक्कम सांगतो. ‘लिहून ठेवू का?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. सामान बांधून होईपर्यंत अर्धा तास लागणार असतो, म्हणून बाई ‘येतेच’ म्हणून निघते. भाजी घेते, मुलाचा चष्मा दुरुस्तीला टाकते, ब्लाउजपीसला जुळणारं अस्तर शोधते, औषधाच्या दुकानातून सासूच्या बीपीच्या गोळ्या घेते आणि परत येऊन ऑटो बोलावते. एका फेरीत चार कामं. कपडेवाला, भांडेवाला, चष्मेवाला, रसवंतीवाला यांचा निम्मा धंदा किराण्याच्या त्या अर्ध्या तासावर चालतो. त्यांना ते जाणवत नाही इतकंच.

सुपरमार्केटच्या जागेचा खरा प्रश्न हा आहे. किराणावाल्याशी त्याची स्पर्धा होणार, ती ते दुकान कुठेही उभं राहिलं तरी होणार. पण ते बाजारापासून तुटलेल्या जागी गेलं, तर किराणा घ्यायला गेलेला माणूस बाजारात येणारच नाही. मग किराण्याशी काही देणंघेणं नसलेल्या चाळीस दुकानांची संध्याकाळ जाते. ते बाजाराला चिकटून आलं, तर सामान गाडीत टाकून किंवा काउंटरवर ठेवून माणूस उरलेली तीन कामं करायला बाहेर पडेल. दुकान तेच, माल तोच, भावही तेच. फरक फक्त दोन-अडीचशे मीटरचा.

जमीनमालक आणि साखळी दुकानवाले हा हिशेब करत नाहीत. त्यात त्यांचा दोषही नाही, तो त्यांचा हिशेबच नव्हे. त्यांना हवा असतो एकसंध मोठा तुकडा, एकाच मालकाचा, स्वच्छ सातबाऱ्याचा आणि स्वस्त. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने भाड्याच्या जागेऐवजी शक्य तिथे जागा विकतच घ्यायचं धोरण ठेवलं. विकत घ्यायची म्हटली की मुख्य बाजारातला भाव परवडत नाही, आणि पाऊल आपोआप गावाबाहेरच्या रस्त्याकडे वळतं. जुन्या बाजारात मोठा तुकडा मिळणंही अवघड. इथे नझूलचे भाडेपट्टे आहेत, वारसांची भांडणं आहेत, राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकान थाटायचं तर परवानगीची वेगळी पायपीट आहे. विदर्भात ‘नझूल’ हा शब्द उच्चारला की गुंतवणूकदार खुर्ची मागे सरकवतो.

तरीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. सुपरमार्केट या प्रकाराचा ज्याला जनक मानतात, तो मायकल कलन हा अमेरिकी माणूस क्रोगर या किराणा साखळीत नोकरीला होता. १९३० मध्ये त्याने वरिष्ठांना लांबलचक पत्र लिहून ही कल्पना मांडली. भव्य दुकान काढा, भाव उतरवा, आणि जागा भरमसाट भाड्याच्या मुख्य बाजारापासून एक ते तीन गल्ल्या बाजूला घ्या, गाड्या लावायला मोकळीक ठेवा, असा त्याचा हिशेब होता. पत्राला दाद मिळाली नाही. त्याने नोकरी सोडली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका रिकाम्या गॅरेजमध्ये ‘किंग कलन’ सुरू केलं. मूळ नुस्ख्यात जागा होती ती एक ते तीन गल्ल्यांवर, गावाबाहेर पाच किलोमीटरवर नव्हे. बाजारालगतची, पण बाजारात नसलेली जागा ही कल्पना सुपरमार्केटच्या जन्मापासून आहे. ती सोडून दुकानं हमरस्त्यावर गेली ती नंतर, अमेरिकेत घरटी मोटार आल्यावर. वर्ध्यात घरटी मोटार नाही. घरटी दुचाकी आहे, आणि दुचाकीच्या हँडलला दोन पिशव्यांवर तिसरी अडकत नाही.

ग्राहक येतो कुठून, याचंही एक जुनं गणित आहे. विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार बाजाराची ओढ लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गाने घटते. नागपूरची लोकसंख्या २०११ मध्ये २४,०५,६६५ आणि दोन्ही शहरांतलं अंतर सुमारे ७५ किलोमीटर धरलं, तर दोघांच्या ओढीची सीमारेषा वर्ध्यापासून अवघ्या १३ किलोमीटरवर पडते. म्हणजे पवनार वर्ध्याचं आणि सेलू नागपूरचं! सेलूचा माणूस हे ऐकून हसेल. डाळ-तांदळासाठी कुणी नागपूर गाठत नाही. लग्नाचा बस्ता, फ्रीज, मुलीचा लॅपटॉप यासाठी मात्र गाठतो. तरी सूत्र अगदीच खोटं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि येळाकेळीच्या फाट्यावरून नागपूर आणखी जवळ आलं. वर्ध्याचा पगारदार माणूस शनिवारी तिकडे जाऊ नये असं वाटत असेल, तर त्याला गावातच नीटनेटकं मोठं दुकान हवं. या पत्राचा सुपरमार्केटला विरोध नाही तो याच कारणाने.

पगारदार हा शब्द इथे मुद्दाम आला. बाजाराच्या दृष्टीने वर्धा दोन आहेत. एक सेवाग्रामच्या आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांचं, हिंदी विश्वविद्यालयाचं, कचेऱ्यांचं. त्याच्या हातात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे येतात आणि त्याच्याकडे गाडी असते. दुसरं आर्वी, कारंजा, आष्टी, समुद्रपूर, देवळीकडून येणारं. त्याचे पैसे कापूस विकल्यावर, संत्र्याचा बाग दिल्यावर येतात. ते एसटीने येतं, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कळंबकडची माणसं देवळीमार्गे नव्या रेल्वेनेही येतात. तहसीलचं काम, दवाखाना, बाजार आणि पाचची गाडी, असा त्यांचा दिवस. बाहेरच्या वळणरस्त्यावरचं दुकान पहिल्या वर्ध्याला चालेल. दुसऱ्या वर्ध्याला त्यासाठी जाऊन-येऊन ऑटोचं भाडं भरावं लागेल, आणि स्वस्त साखरेत वाचलेले पैसे ऑटोवाल्याच्या खिशात जातील. जागा ठरवताना खुर्चीवर बसलेली माणसं बहुधा पहिल्या वर्ध्यातली असतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

आता प्रत्यक्ष जागांकडे. ढोबळमानाने तीन पर्याय निघतात.

ऐन बाजारात, गोल बाजार किंवा इंदिरा मार्केटच्या अंगाला, ते दुकान बसणार नाही. कारण साधं आहे. कायद्याने मालमोटारीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही कडांना आडव्या लावलेल्या दुचाक्या दोन-दोन मीटर खातात. उरले पाच मीटर, त्यात एक हातगाडी आणि दोन ऑटो. साखळी दुकानांचा माल ज्या बत्तीस फुटी कंटेनरमधून येतो तो तिथे शिरला तरी वळणार कुठे? मागे घेताना क्लीनर खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत ज्या टपरीची छपरी मोडेल, त्या टपरीवाल्याचं नाव कुठल्याच प्रस्तावात नसेल.

दुसरा पर्याय गावाबाहेरचा. पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी, उमरी ही सगळी ‘मेघे’ गावं आणि नालवाडी, म्हसाळा वर्ध्याला अशी चिकटली आहेत की हद्द कुठे संपते हे फलक वाचल्याशिवाय कळत नाही. दिसायला शहर, कारभार ग्रामपंचायतीचा. इथली मोकळी जमीन बिल्डरला सगळ्यात सोयीची, आणि नगर परिषदेला सगळ्यात गैरसोयीची. दुकान ग्रामपंचायतीच्या हद्दीत गेलं की घरपट्टी तिकडे, गिऱ्हाईक मात्र शहरातलं, आणि तिथे जाण्यासाठी आर्वी नाक्यावर जी कोंडी होईल ती सोडवायची शहराने. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नगर परिषदेलाही लागू आहे आणि बाहेरच्या प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रालाही. म्हणजे पार्किंग किती सोडायचं, सामासिक अंतर किती ठेवायचं, याचं पुस्तक एकच. पण हद्दीबाहेर ते पुस्तक उघडून सही करणारं टेबल वेगळं, आणि दोन टेबलांना एकमेकांशी बोलण्याची सवय नाही. उद्या शहरात कडक अट घातली तर अर्जदार पाचशे मीटर पुढे सरकून सुटेल. म्हणून जागेचा विचार आपण एकट्याने करून भागणार नाही. जिल्हाधिकारी, नगररचना कार्यालय आणि या ग्रामपंचायती यांना एका टेबलाशी बसवावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात फीत कापायला मिळत नाही. पण याच्याशिवाय बाकी सगळं पत्र वाया आहे.

सेवाग्राम रस्त्याचा विषय निघालाच तर त्याला हात न लावलेला बरा. २०२० मध्ये त्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं पडली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले आणि काम थांबवावं लागलं. मोठं दुकान आलं की त्याच्या तोंडाशी वळणमार्गिका, दुभाजक, रुंदीकरण हे मागून येतंच. ज्या रस्त्यावर झाडं वाचवायला लोक उभे राहिले, त्याच रस्त्यावर पार्किंगचं फाटक काढायचं धाडस कुणी करू नये.

उरला तिसरा पर्याय, बाजाराच्या कडेचा. पत्राचा कौल त्यालाच आहे.

इंग्लंडने या बाबतीत ठेच खाऊन शहाणपण मिळवलं. तिथे १९८० च्या दशकात मोठी दुकानं गावाबाहेर पळाली. मग १९९० च्या दशकात सरकारने नियोजनात क्रम लावून दिला : आधी गावाच्या मध्यभागी जागा शोधा, तिथे नसेल तर मध्यभागाच्या कडेला, तिथेही नसल्याचं दाखवता आलं तरच बाहेर. ‘कडेला’ म्हणजे किती, यावर वाद नको म्हणून मुख्य बाजारपेठेपासून ३०० मीटरच्या आत असं मोजमापच ठरलं. जागा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर. फ्रान्सने १९७३ च्या कायद्याने मोठ्या दुकानांना स्वतंत्र परवाना लावला आणि १९९६ मध्ये त्याची मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली. त्या परवान्यांनी तिथली छोटी दुकानं किती वाचली यावर मतं वेगळी आहेत. परवाना नाकारण्यापेक्षा जागेचा क्रम लावणं वर्ध्याला अधिक झेपेल.

फक्त ते ३०० मीटर जसेच्या तसे उचलू नयेत. ते मँचेस्टरच्या रिमझिमीतले मीटर आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हातात दहा किलो घेऊन वर्ध्यातले ३०० मीटर भलतेच लांबतात. इथे २०० मीटर धरावेत, आणि त्यातले निदान निम्मे सावलीतले असावेत. दुकानाबाहेरची वाट झाडाखालून किंवा पडवीखालून जावी, ही अट आर्किटेक्टला ऐच्छिक वाटेल. ग्राहकाला ती दुकानातल्या गारव्याइतकीच महत्त्वाची आहे.

कडेला एवढा मोठा तुकडा मिळणार कुठे? विदर्भातल्या कापसाच्या गावांची रचना आठवावी. स्टेशनच्या आजूबाजूला जिनिंग-प्रेसिंगची आवारं, गोदामं, मालधक्क्याच्या जागा. बाजारापासून चालत पाच मिनिटांवर, मोठ्या फाटकाच्या आणि मालाच्या गाड्या आत वळतील अशाच बांधलेल्या. कापूस गाड्यांनी आणायचा होता, म्हणून त्या काळच्या माणसांनी वळणाचा विचार आधी केला. नागपूरला १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडल्यावर तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलचं तेच झालं. ही उदाहरणं आकाराने अवाढव्य आहेत. वर्ध्याला त्याच्या शंभराव्या भागाची जागा पुरे. नगर परिषदेने स्वतःच्या मोकळ्या आणि पडीक जागा, जुनी व्यापारी संकुलं, बंद आवारं यांची यादी एकदा काढावी. ज्यांवर आरक्षण आहे तिथे मालकाने खाली सार्वजनिक सोय बांधून द्यायची आणि वरचं बांधकाम स्वतः वापरायचं, अशी तरतूद नियमावलीत आहे. खाली भाजीबाजाराचे ओटे आणि वर सुपरमार्केट, असा मेळ बसवायला अडचण नसावी. अडचण असलीच तर वीट-सिमेंटची नव्हे, कागदाची.

रेल्वेमार्गापलीकडच्या पुलफैल, बोरगावच्या लोकांनाही जागा ठरवताना विचारावं. त्यांचा रस्ता पुलावरून जातो, आणि नकाशात जवळ दिसणारी जागा पूल चढून-उतरून दुप्पट लांब पडते.

आता ओट्यांबद्दल. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा पारंपरिक ग्राहक-विक्रेत्यांच्या जागेला ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून ओळख देतो, सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी कुणाला हटवायला मनाई करतो, आणि शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत असं सांगतो. मोठं दुकान उघडलं की त्याच्या दारात आठवडाभरात कणीसवाला, फुगेवाला, लिंबं-सांबारवाली येऊन बसणार. महिनाभरात दुकानाचा व्यवस्थापक अतिक्रमण म्हणून तक्रार करणार. हे इतकं ठरलेलं आहे की त्याची सोय नकाशातच करावी : फाटकालगत दहा-बारा ओटे, पाणी, सावली. समितीला प्रस्ताव आधी दाखवावा, नंतर नव्हे. (पुण्या-मुंबईकडच्या साखळीला एक सूचना : इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. पाटी लावताना घोळ नको.)

मराठी मुलखात मोठ्या दुकानाची सुरुवात काही परदेशी साखळ्यांनी केली नाही. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ची सहकारी चळवळ उभी राहिली, ती चाळींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वारणानगरला वारणा बाजार उभा राहिला तो साखर कारखान्यासाठी सभासद जिथे एरवीही येतच होते तिथे. दोन्हीकडे दुकानाने ग्राहकाला आपल्यापर्यंत ओढत नेलं नाही, ग्राहकाच्या रोजच्या वाटेवर जाऊन ते बसलं.

आणि वर्ध्याला तर मालाच्या मुळाचा विचार करण्याचा वारसा आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम इथून चालवलं, आणि १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. त्या वारशाचा दाखला देऊन सुपरमार्केटला नकार द्यायचा मोह होतो. तो आवरावा. त्याऐवजी एक व्यवहारी अट घालावी. जुलै २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे, म्हणजे दुकानाला शेतकऱ्याकडून थेट घेता येतं. तेव्हा मागच्या आवारात सकाळी शेतकऱ्याच्या गाडीला उभं राहायला जागा आणि तोलकाटा असावा. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद, कारंजा-आष्टीची संत्री, गोरस भांडाराचा गोरसपाक, मगन खादी यांना आत फळी मिळावी. नगर परिषदेची स्वतःची जमीन भाडेपट्ट्याने देत असाल तर ही अट करारात घालता येते. खाजगी जमिनीवर मात्र ती विनंतीच राहील, हे मान्य करायला हवं.

एका बाबतीत वर्ध्याची जागानिवड महाराष्ट्रात सगळ्यात सोपी आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शाळा-देवळांपासून अंतर किती यावर राज्यभर काथ्याकूट झाली. दारूबंदीचे जिल्हे त्यातून आधीच वगळलेले होते. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्याला निदान तो फूटपट्टीचा वाद करायचा नाही.

काही बारीक गोष्टी ओझरत्या. दोन हजार चौरस मीटरच्या छतावर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी वीस लाख लिटर पाणी पडतं. ते रस्त्याच्या नालीत सोडायचं की जमिनीत जिरवायचं, हे परवानगीतच लिहावं. मालाच्या गाड्या सकाळी आठच्या आत आणि रात्री नऊनंतर. मुख्य दार बाजाराच्या दिशेला, पार्किंग मागे किंवा खाली. दर्शनी बाजूला गाड्यांचं मैदान सोडून पाठीमागे दुकान बांधलं, तर जागा बाजाराच्या कितीही जवळ असो, पायी येणारा माणूस तापलेलं डांबर ओलांडून आत जाणार नाही. ही चूक इतक्या ठिकाणी झाली आहे की तिला आता पद्धत म्हणतात.

विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी कायद्याने ३० दिवस मिळतात, कारण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ तसं सांगतो. एखाद्या दुकानाच्या बांधकाम परवानगीला अशी जाहीर सूचना लागत नाही. पण कायद्याने सक्ती केली नाही म्हणून नगर परिषदेने लोकांना विचारू नये, असंही कुठे लिहिलेलं नाही. ठरावीक क्षेत्रफळापुढच्या प्रत्येक दुकानासाठी पर्यायी जागांचा नकाशा परिषदेच्या फलकावर आणि वॉर्डावॉर्डांत महिनाभर लावावा. प्रत्येक जागेपुढे चार आकडे असावेत : गोल बाजारापासून चालत किती मिनिटं, बसस्थानकापासून किती, समोरचा रस्ता प्रत्यक्षात किती रुंद (कागदावर नव्हे, अतिक्रमणं वजा करून), आणि मालमोटार वळायला किती जागा. व्यापारी, विक्रेते, ऑटो संघटना, मेघे गावांचे सरपंच आणि महिला बचत गट यांची एक सुनावणी घ्यावी. ती दुपारी बाराला ठेवू नये. दुकानदार दुकानात असतो आणि बाई स्वयंपाकघरात.

शेवटची विनंती लहान आहे आणि तिला ठराव लागत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेआधीच्या एखाद्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता, सर्व सदस्यांनी बजाज चौकात जमावं. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत पाच-पाच किलोची पिशवी असावी. एकीत साखर, दुसरीत तांदूळ, म्हणजे नंतर वायाही जाणार नाही. तिथून सुचवलेल्या प्रत्येक जागेपर्यंत आणि त्या जागेपासून बसस्थानकापर्यंत पायी जावं. गाडी मागून येऊ देऊ नये. लागलेली मिनिटं प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, क्षेत्रफळाच्या आकड्याखाली, पेनाने लिहावीत आणि मग सभेला बसावं.

कळावे,
एक वर्धेकर ग्राहक

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, वर्धा, नगररचना कार्यालय, वर्धा, सरपंच, लगतच्या सर्व ग्रामपंचायती